पोलाद कारखान्यातला वेल्डर कसा घडतो : आयटीआयच्या टेबलापासून शटडाऊनपर्यंत

पोलाद तयार करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये सुमारे 1,600 अंश सेल्सिअस तापमानाचा धातुरस उसळत असतो. त्यातून निघणारा तप्त वायू वर ओढून घेण्यासाठी कन्व्हर्टरच्या तोंडावर एक मोठे आवरण असते. कारखान्याच्या भाषेत ते ‘हूड’. हूडच्या भिंती एकमेकींना खेटून लावलेल्या पोलादी नळ्यांच्या असतात आणि त्यांतून अखंड पाणी फिरत असते. एखाद्या नळीला भेग पडली आणि ते पाणी भांड्यात उतरून धातुरसाखाली सापडले, तर त्याची क्षणार्धात वाफ होते आणि रस उसळून बाहेर फेकला जातो. म्हणूनच झिजलेली नळी कापून नवी बसवताना तिच्या दोन टोकांचे सांधे कोणी केले, याची नोंद कारखान्यात ठेवली जाते. हे सांधे भिंतीला लागून, अर्धवट वाकून, कधी आरशात पाहून करावे लागतात. ते करणारा माणूस वेल्डर असतो आणि असा वेल्डर एका वर्षात तयार होत नाही.

जगातील कच्च्या पोलादाच्या उत्पादनात भारत 2018 पासून दुसऱ्या क्रमांकावर आहे. राष्ट्रीय पोलाद धोरण, 2017 नुसार 2030-31 पर्यंत देशाची उत्पादनक्षमता 30 कोटी टनांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. नव्या भट्ट्या, नव्या गिरण्या, त्यांचे सांगाडे, नळमार्ग, क्रेनचे गर्डर हे सारे वेल्डिंगने उभे राहते आणि उभे राहिल्यावर वेल्डिंगनेच दुरुस्त होत राहते. क्षमतेच्या आकड्यांची चर्चा होते, त्या मानाने हे सांधे करणारे हात कोठून येणार याची होत नाही. त्या प्रश्नाचे कायद्याने दिलेले मुख्य उत्तर म्हणजे शिकाऊ उमेदवारी, म्हणजेच अप्रेंटिसशिप.

महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मराठी यादीत फिटरला ‘जोडारी’, टर्नरला ‘कातारी’, वायरमनला ‘तारतंत्री’ आणि वेल्डरला ‘संधाता’ म्हणतात. शब्द देखणा आहे. कारखान्याच्या फाटकाच्या आत मात्र तो कोणी उच्चारत नाही. आयटीआयमधील हा अभ्यासक्रम एका वर्षाचा असून त्यासाठी आठवी उत्तीर्ण असणे पुरेसे ठरते. वर्षभरात विद्यार्थी वायूज्योतीने कापणे व सांधणे, हाताने करावयाचे आर्क वेल्डिंग, कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात तारेने होणारे वेल्डिंग आणि आरगॉन वायूच्या आवरणातील टिग वेल्डिंग यांची ओळख करून घेतो. येथे ‘ओळख’ हाच शब्द योग्य आहे.

आर्क वेल्डिंग बघायला सोपे दिसते. रॉड पत्र्याला टेकवली की ठिणगी उडते, प्रकाश पडतो आणि मागे धातूची रेघ उमटत जाते. प्रत्यक्षात रॉडचे टोक आणि पत्रा यांच्यात ठेवायचे अंतर रॉडच्या तारेच्या जाडीएवढे, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर असते. अंतर वाढले तर आर्क भटकतो, हवा आत शिरते आणि सांध्यात बारीक छिद्रे राहतात; कमी झाले तर रॉड चिकटून बसते. त्यात रॉड सतत जळून आखूड होत असते, म्हणून हात त्याच वेगाने खाली न्यावा लागतो. त्याच वेळी तो रेघेच्या दिशेने पुढे सरकवायचा असतो आणि रॉडचा कोनही राखायचा असतो. या तीन हालचाली एकाच हाताने, गडद काचेआडून, साधारण मिनिटभरात संपणाऱ्या रॉडनिशी करायच्या असतात. रॉड संपली की वरची मळी हातोडीने फोडून ब्रशने साफ करायची आणि पुन्हा सुरुवात. मळी नीट निघाली नाही, तर पुढच्या थराखाली ती गाडली जाते आणि एक्स-रेमध्ये काळ्या डागाच्या रूपाने बाहेर येते.

हे सारे टेबलावर सपाट ठेवलेल्या पत्र्यावर जमले, तर ती फक्त पहिली पायरी झाली. पत्रा उभा केला की वितळलेला धातू खाली ओघळू लागतो. डोक्यावर धरला की तो अंगावर पडू पाहतो. नळी असेल तर तिच्या परिघावर फिरताना ओव्हरहेड, उभी आणि सपाट अशा सर्व स्थिती एकाच सांध्यात येतात. नळी जमिनीशी 45 अंशांत बांधून करावयाची चाचणी ‘सिक्स-जी’ या नावाने ओळखली जाते आणि ती उत्तीर्ण झालेल्या वेल्डरचा भाव सर्वत्र वेगळा असतो. येथवर पोहोचण्याचा मार्ग एकच : जळलेल्या रॉडची संख्या. पुस्तकाला येथे मर्यादा आहे. आयटीआयमध्ये एका तुकडीत वीसच्या आसपास विद्यार्थी असतात. यंत्रे, पत्रे आणि रॉड मोजके असतात. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्यक्ष आर्क किती वेळ येतो, हाच प्रशिक्षणाचा खरा हिशेब ठरतो.

पोलाद कारखान्यात आल्यावर शिकाऊ उमेदवाराला पहिला धक्का बसतो तो धातूचा. आयटीआयमध्ये त्याने बहुतेक काळ मऊ पोलाद, म्हणजे माइल्ड स्टील सांधलेले असते. कारखान्यात त्याच्यापुढे गिअरचे दात, रोलिंग मिलचे रोल, बिडाची पंपघरे, स्टेनलेस नळ्या आणि खनिजाच्या घर्षणाने झिजणाऱ्या च्यूटच्या पट्ट्या येतात. जास्त कार्बनच्या पोलादाला वेल्डिंगपूर्वी तापवावे लागते, तापमान खडूने तपासावे लागते आणि काम झाल्यावर सावकाश निवू द्यावे लागते. नाहीतर सांध्याशेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. याउलट, दगड फोडणाऱ्या क्रशरच्या मँगनीज पोलादाला तापणे सोसत नाही. तेथे छोट्या रेघा ओढत, मधे थांबत, धातू थंड ठेवावा लागतो. बिडासाठी निकेलची रॉड, इंच-दीड इंचाची रेघ आणि लगेच हलके ठोकणे, अशी तिसरीच रीत. अनुभवी वेल्डर तुकडा हातात आल्यावर आधी कानस फिरवून पाहतो, ग्राइंडरची ठिणगी कशी उडते ते पाहतो आणि मग रॉड निवडतो. ही नजर शिकवण्यासाठी वर्ग उपयोगी पडत नाही, शेजारी उभे राहावे लागते.

यातला सर्वांत फसवा शत्रू दिसतच नाही. तो म्हणजे हायड्रोजन. महत्त्वाच्या सांध्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘लो-हायड्रोजन’ रॉडचे, उदाहरणार्थ 7018 या क्रमांकाच्या रॉडचे, आवरण हवेतील ओलावा शोषून घेते. आर्कच्या उष्णतेने त्या ओलाव्यातील हायड्रोजन सुटा होतो आणि वितळलेल्या धातूत विरघळतो. धातू घट्ट झाल्यावर तो आत अडकतो, सांध्याशेजारच्या कडक पट्टीत साचतो आणि ताण असेल तर तेथे तडा पाडतो. ही तड लगेच येत नाही. काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी उमटते. संध्याकाळी उत्तम दिसलेला सांधा दोन दिवसांनी तडकलेला आढळतो. म्हणून या रॉड वापरण्यापूर्वी 300 ते 350 अंशांवर तास-दोन तास भाजायच्या आणि कामाच्या जागी छोट्या ओव्हनमध्ये गरम ठेवून एकेक काढायच्या, असा दंडक आहे. जाड आणि ताणाखालील सांध्यांची अंतिम तपासणीही त्यासाठीच लांबणीवर टाकली जाते. रॉडची पेटी उघडी ठेवून जेवायला जाणाऱ्या शिकाऊ मुलाला वरिष्ठ वेल्डर का रागावतो, याचे उत्तर येथे आहे. कोकणच्या किंवा पूर्व किनाऱ्याच्या पावसाळी हवेत तर त्या रागाला आणखी आधार मिळतो.

आणि मग शटडाऊन येतो. एरवी चोवीस तास चालणारा विभाग ठरलेल्या तासांसाठी किंवा दिवसांसाठी बंद केला जातो आणि वर्षभर साठलेली दुरुस्ती तेवढ्या वेळात उरकायची असते. झोतभट्टीच्या कवचाला पडलेल्या भेगा, वायूच्या मोठ्या नळांना झालेली भोके, क्रेनच्या गर्डरमधले तडे, सारे एकदम. घड्याळ लावलेले असते आणि उत्पादनाचा प्रत्येक तास मोजला जातो. शिकाऊ उमेदवाराला सर्वाधिक शिकायला मिळते ते येथेच आणि त्याच्याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नसते तीही येथेच.

भारतात या पद्धतीची मुळे पोलादाइतकीच जुनी आहेत. जमशेदपूरमध्ये 1912 साली पोलाद तयार होऊ लागले आणि 1921 मध्ये तेथे तांत्रिक प्रशिक्षण संस्था सुरू झाली. ती आज शावक नानावटी तांत्रिक संस्था म्हणून ओळखली जाते. स्वातंत्र्यानंतर सोव्हिएत साहाय्याने भिलाई, पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने रुरकेला आणि ब्रिटनच्या साहाय्याने दुर्गापूर हे कारखाने उभे राहिले, तेव्हा यंत्रे परदेशातून आणता आली. ती चालवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर मात्र येथेच घडवावे लागले. या पार्श्वभूमीवर शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 संमत झाला. त्याआधी शिकाऊ घ्यायचा की नाही, हा मालकाच्या मर्जीचा भाग होता. या कायद्याने तो कर्तव्याचा भाग केला.

कायद्यात अनेक दुरुस्त्या झाल्या. त्यांतील 2014 ची दुरुस्ती मोठी होती. तिने मालकांसाठी असलेली कारावासाची शिक्षा काढून दंड ठेवला आणि व्यवसायनिहाय जागा ठरवण्याऐवजी एकूण मनुष्यबळाच्या टक्केवारीचा पट्टा आणला. 2019 मधील नियमांनुसार 30 वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक असून त्यांची संख्या एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के असावी लागते. या मनुष्यबळात कंत्राटी कामगारही मोजले जातात, ही बाब पोलाद उद्योगात विशेष महत्त्वाची आहे. दहा हजार माणसे काम करत असलेल्या कारखान्याने किमान 250 शिकाऊ घेतलेच पाहिजेत आणि तो 1,500 पर्यंत घेऊ शकतो. त्यांपैकी वेल्डर किती, हे मात्र कारखाना ठरवतो.

विद्यावेतनाचा प्रश्न अधिक बोचरा आहे. 2019 च्या दरांनुसार आयटीआय उत्तीर्ण उमेदवारास पहिल्या वर्षी दरमहा किमान 7,000 रुपये मिळतात. 2016 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली केंद्र सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के, कमाल 1,500 रुपयांपर्यंतचा वाटा उचलते. 2023 पासून ही रक्कम थेट उमेदवाराच्या खात्यात जमा करण्याची पद्धत आली. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने किमान दरांत 36 टक्के वाढीची, म्हणजे 5,000 ते 9,000 रुपयांची कक्षा 6,800 ते 12,300 रुपयांवर नेण्याची शिफारस केली. घरून ये-जा करणाऱ्या मुलाला जुन्या दरातही कसेबसे भागवता येत असेल. पण पोलाद कारखाने खनिजाजवळ किंवा बंदराजवळ असतात, मुलांच्या गावाजवळ नव्हे. खोलीचे भाडे, खानावळ आणि प्रवास वजा जाता हातात काही उरत नाही, हे प्रशिक्षण अर्धवट सोडण्यामागचे उघड कारण आहे. त्यातही वेल्डिंग येणाऱ्या मुलाला गावातल्या ग्रिल-शटरच्या वर्कशॉपमध्ये रोजंदारी लगेच मिळू शकते. आजचे पाचशे रुपये आणि दोन वर्षांनंतरचे कौशल्य यांत निवड करायला सांगितले, तर गरीब घरातील मुलगा काय निवडेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा ‘कामगार’ नसून प्रशिक्षणार्थी आहे. या एका शब्दाचे परिणाम दूरवर जातात. कामगार कायद्यांचे बहुतेक संरक्षण त्याला मिळत नाही. आरोग्य, सुरक्षा व कल्याणाच्या तरतुदी मात्र त्याला लागू होतात, कामावर इजा झाल्यास भरपाईचा हक्क असतो आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याच्याकडून जादा तास काम करून घेता येत नाही. धोकादायक उद्योगांशी संबंधित व्यवसायांसाठी किमान वय 18 वर्षे आहे. मालक आणि उमेदवार यांच्यात करार होतो व त्याची नोंदणी सरकारी पोर्टलवर होते. करार नोंदलेला नसेल तर तो मुलगा शिकाऊ उमेदवार ठरत नाही, फक्त स्वस्तात राबणारा ठरतो. प्रवेश घेताना कराराची प्रत मागून घेणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

कागदावरची ही रचना शॉप फ्लोअरवर कशी उतरते, यावर सगळे अवलंबून आहे. मोठ्या एकात्मिक कारखान्यांकडे स्वतंत्र प्रशिक्षण केंद्रे, वेल्डिंगचे बूथ आणि शिकवणारे निदेशक असतात. तेथे शिकाऊ मुलगा आधी तुकड्यांवर हात बसवतो आणि मग विभागात जातो. जालन्यासारख्या ठिकाणी सळया बनवणाऱ्या मध्यम व लहान गिरण्यांचे चित्र वेगळे असते. तेथे देखभालीच्या पाळीत मोजकेच वेल्डर असतात, मिल बंद पडली की तेच धावत जातात आणि शिकाऊ मुलगा केबल ओढतो, सिलिंडर सरकवतो, ग्राइंडर चालवतो. हेही काम शिकण्यासारखे आहे, यात वाद नाही. सांध्याची कडा नीट घासता येणे हे अर्धे वेल्डिंग असते. पण वर्षभर तेवढेच केले, तर वर्षअखेरीस मिळणारे प्रमाणपत्र आणि हातातील कौशल्य यांची गाठ पडत नाही. शिकाऊ वेल्डरने आठवड्यात किती रॉड जाळल्या, कोणत्या स्थितीत आणि त्यांतील किती सांधे तपासणीत टिकले, एवढी साधी नोंदवही काटेकोरपणे ठेवली, तर प्रशिक्षण आणि राबवणूक यांतला फरक कोणालाही वाचता येईल.

लहान गिरण्यांची अडचण खोटी नाही. चाचणीसाठी पत्रे कापणे, एक्स-रे काढणे, महागड्या रॉड सरावात जाळणे हा खर्च त्यांना जड वाटतो आणि शिकून तयार झालेला मुलगा मोठ्या कारखान्यात निघून जाईल, ही भीतीही रास्त असते. 2016 पासून आयटीआयमध्ये राबवली जाणारी दुहेरी प्रशिक्षण पद्धत, म्हणजे सिद्धान्त संस्थेत आणि सराव कारखान्यात, या अडचणीवर काही प्रमाणात उतारा ठरू शकते. ती तेथेच चालते जेथे संस्थेचा निदेशक स्वतः कारखान्यात जाऊन मुलगा काय करतो ते पाहतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत पोलाद कारखाना इतर कोणत्याही वर्कशॉपपेक्षा वेगळा आहे. आर्कच्या अतिनील किरणांनी डोळे येणे, भाजणे, विजेचा धक्का हे धोके वेल्डर सर्वत्र पत्करतो. वेल्डिंगच्या धुराचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात केला. नाकाला रुमाल बांधणे हा त्यावरचा उपाय नव्हे. धूर उगमापाशीच खेचून घेणे आणि योग्य मुखवटा वापरणे हा आहे. पण पोलाद कारखान्यात याखेरीज झोतभट्टीचा वायू असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण सुमारे पाचव्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही अधिक असते आणि त्याला रंग वा वास नसतो. जून 2014 मध्ये भिलाई येथील कारखान्यात वायुगळतीने सहा जणांचा बळी घेतला आणि मृतांत वरिष्ठ अधिकारीही होते. अनुभव आणि हुद्दा या वायूपुढे निरुपयोगी ठरतात. म्हणून वायूच्या नळाजवळ ज्योत पेटवण्यापूर्वी लेखी परवाना, नळ खरोखर बंद व रिकामा केल्याची खात्री, वायुमापकाची नोंद आणि बाहेर पहारेकरी या चार गोष्टींशिवाय काम सुरू करायचे नसते. शटडाऊनच्या घाईत ‘पाच मिनिटांचे तर काम आहे’ हे वाक्य सर्वांत धोक्याचे. ते वरिष्ठाने उच्चारले, तरी नकार द्यायचा असतो, हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला शिकवणे रॉड धरायला शिकवण्याहून अवघड आहे.

प्रशिक्षणाचा काळ संपल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि उत्तीर्णांस राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. नोकरीची हमी त्यासोबत येत नाही. प्रशिक्षण दिले म्हणून नोकरी देण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातलेले नाही. शिकाऊंच्या भरतीबाबत आपले धोरण ठरवावे, एवढेच 2014 च्या दुरुस्तीने सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये उत्तर प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात, इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवारास थेट भरतीच्या उमेदवारांपेक्षा प्राधान्य द्यावे, असे म्हटले होते. मात्र पोलाद कारखान्यांतील देखभालीचे बरेच काम आता कंत्राटदारांमार्फत होते. त्यामुळे कारखान्यातच शिकलेला वेल्डर पुष्कळदा त्याच फाटकातून कंत्राटदाराच्या पासवर पुन्हा आत येतो.

कंत्राटदार त्याचे प्रमाणपत्र पाहतो, पण त्यावर थांबत नाही. दाबाखालील नळ्या, बॉयलर किंवा महत्त्वाच्या सांगाड्यांवर काम करण्यासाठी स्वतंत्र पात्रता चाचणी द्यावी लागते. वेल्डरच्या चाचणीसाठी भारतीय मानक आयएस 7310 आहे, वाफेच्या नळ्यांसाठी बॉयलर नियमावलीतील अटी आहेत आणि परदेशी आराखड्याच्या कामांसाठी त्या त्या देशांच्या संहिता. चाचणी सर्वत्र जवळपास सारखीच असते. निरीक्षकासमोर ठरलेल्या स्थितीत एक सांधा करायचा. त्यातून पट्ट्या कापल्या जातात आणि त्या यंत्रात घालून इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या वाकवल्या जातात. वाकलेल्या पाठीवर सुमारे 3 मिलिमीटरहून मोठी भेग उघडली, तर वेल्डर अनुत्तीर्ण.

उत्तीर्ण झालेल्याची पात्रताही कायमची नसते. अनेक संहितांनुसार सहा महिने त्या पद्धतीचे वेल्डिंग केले नाही, तर ती संपुष्टात येते आणि चाचणी पुन्हा द्यावी लागते. शिकाऊ उमेदवारी संपल्यानंतर पहिले काम मिळायला किती महिने लागतात, हा प्रश्न त्यामुळे वेल्डरच्या बाबतीत केवळ पगाराचा राहत नाही. हात दोन महिन्यांतच जड होऊ लागतो आणि टिग वेल्डिंगचा तर त्याहूनही लवकर.